ट्रक रेल्वेवर चढवला, आणि पुढे त्याच लाईनवर पुतणीला नोकरी लागली

कोकण रेल्वे म्हटलं की आपल्या लोकांना पहिलं गणपतीचं तिकीट आठवतं, मग वेटिंग लिस्ट, मग खिडकीतून दिसणारे धबधबे. मालगाडी कोणाच्या डोक्यातही येत नाही. स्टेशनात आपली गाडी क्रॉसिंगला थांबली आणि बाजूच्या लाईनवरून ट्रक चढवलेली लांबलचक गाडी गेली की पोरं मोबाईल काढून व्हिडिओ करतात, तेवढंच. पण त्या ट्रकांत माणसं बसलेली असतात बरं का, आणि बऱ्याचदा त्यातला एक मी असतो. म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहून काढू, कारण आपल्या भागातले कितीतरी ट्रकवाले अजून विचारतात की हे रोरो, म्हणजे भरलेला ट्रक मालगाडीवर चढवून न्यायची सोय, नक्की असतं कसं, बुकिंग कुठे करायचं, परवडतं का. आणि दुसरं नोकरीचं, ते तर त्याहून महत्त्वाचं, कारण लाईन आपल्या शेतातून गेलीय आणि भरती निघाली की फॉर्म भरायला आपलीच पोरं मागे राहतात.

माझं गाव माणगाव तालुक्यात. स्वतःची दहाचाकी गाडी आहे. तळोजाकडून लोखंडी माल भरायचा, मंगळूर भागात खाली करायचा, येताना सुपारी नाहीतर मिळेल ते भाडं घेऊन वर यायचं, असा माझा धंदा. आधी सगळं रोडनेच करायचो. मुंबई-गोवा हायवेचं मी काय सांगू, चौपदरीकरणाचं काम २०११ पासून ऐकतोय, कशेडीला बोगदा झाला तेव्हा जरा बरं वाटलं, पण भरलेली गाडी घेऊन पावसाळ्यात भोस्ते घाट आणि परशुराम घाट उतरायचा म्हणजे जीव मुठीत धरून. ब्रेक तापून लायनरचा वास केबिनमध्ये यायला लागला की बाजूचा क्लिनर गप्प होतो, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. त्यात टायर घासतात, स्प्रिंगचे पाटे तुटतात, आणि ड्रायव्हर दोन रात्री जागा राहतो.

रोरोबद्दल ऐकून होतो पण कधी वाट्याला गेलो नव्हतो. आमच्या लाईनमधले जुने ड्रायव्हर सांगायचे, ही सेवा २६ जानेवारी १९९९ ला सुरू झाली, कोलाडला ट्रक चढवायचा आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा, ४१७ किलोमीटर. नंतर ती पुढे कर्नाटकात सुरतकलपर्यंत नेली, म्हणजे कोलाडपासून ७२१ किलोमीटर. भारतात ट्रक मालासकट वॅगनवर चढवून न्यायची ही सेवा पहिल्यांदा कोकण रेल्वेनेच चालवून दाखवली. त्यामागे कारण पण होतं. रोह्यापासून ठोकूरपर्यंतची ही लाईन कर्जरोखे काढून बांधलेली, कर्ज मोठं, आणि कोकणात मोठे कारखाने कमी म्हणून मालगाड्यांचं उत्पन्न कमी. मग रेल्वेने विचार केला की माल हायवेवरून ट्रकनेच जातोय ना, तर ट्रकच उचलू. मला हा विचार फार आवडतो, कारण यात ट्रकवाल्याचा धंदा काढून घेतलेला नाही, त्याला सोबत घेतलंय.

तर आता प्रत्यक्ष कसं होतं ते सांगतो.

कोलाड स्टेशन हायवेपासून जवळच आहे. जायच्या आधी फोन करून रेक, म्हणजे वॅगनांची अख्खी गाडी, कधी लागतोय ते विचारून घ्या, हे मी सगळ्यांना सांगतो, कारण ही काय एसटी नाही, पुरेसे ट्रक जमले आणि रेक हाताशी असला की सुटते. कधी गेल्या गेल्या नंबर लागतो, कधी तिथेच ताटकळत बसावं लागतं, ही या सेवेतली सगळ्यात मोठी अडचण आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्याला ठरलेल्या तासाला माल पोचवायचाय त्याने आधी पार्टीशी बोलून घ्यावं.

पोचल्यावर कागद. गाडीचं आरसी, इन्शुरन्स, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती), ई-वे बिल आणि वजनकाट्याची पावती. भाडं वजनाच्या टप्प्यावर असतं, किती टन ते बघून रेट लागतो, आणि चढवायच्या आधी पैसे भरून पावती घ्यायची. वजनाच्या बाबतीत एक सांगतो. एकदा एका पार्टीने बिल्टीवर वजन कमी दाखवलं होतं, प्रत्यक्ष काट्यावर जास्त आलं, आणि वरचे पैसे माझ्या खिशातून गेले, पार्टी नंतर फोनच उचलेना. तेव्हापासून मी भरल्या भरल्या वाटेतल्या काट्यावर गाडी चढवतो आणि पावती काचेला अडकवूनच कोलाडला जातो. ओव्हरलोड चालत नाही, पेट घेणारा माल चालत नाही. उंचीची मर्यादा आहे ती तर फारच काटेकोर, ताडपत्रीच्या वर दोरीचा गठ्ठा बांधून ठेवला असेल तर तो सुद्धा खाली काढायला लावतात, आणि बरोबरच आहे, वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ ला झालं, त्याआधी ताडपत्री सैल झाली तर ड्रायव्हर लोक थांबलेल्या गाडीत वर चढून नीट करायचे, आता तसलं काही डोक्यात पण आणायचं नाही. खालीच दोरी ओढून दोनदा तपासायची. बोगद्यात वारा असा घुसतो की सैल ताडपत्री फाटलीच म्हणून समजा.

चढवणं हा खरा बघण्यासारखा प्रकार. लाईनच्या टोकाला रॅम्प असतो. रेक रिकामा उभा असतो, सगळ्या सपाट वॅगन, बाजूला कठडा नाही काही नाही, आणि दोन वॅगनच्या मधल्या फटीवर लोखंडी प्लेट टाकलेली. पहिला ट्रक रॅम्पवरून चढतो आणि सगळ्या वॅगनवरून चालत चालत पार दुसऱ्या टोकाला जातो, मग त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. म्हणजे ज्याचा नंबर आधी त्याला वॅगनवरून सगळ्यात जास्त चालवावं लागतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. समोर रेल्वेचा माणूस उलटा चालत हाताने खूण करत असतो, थोडं डावीकडे, बस, सरळ, आणि तुम्ही आरशात न बघता फक्त त्याच्या हाताकडे बघायचं. प्रत्येक प्लेटवरून चाक गेलं की खणकन् आवाज येतो. माझ्या ड्रायव्हरने पहिल्या वेळी मला म्हटलं, शेठ तुम्ही खाली उतरा, तुम्ही बाजूला बसलात की मला टेन्शन येतं. मी उतरलो आणि खालून बघत राहिलो. एवढी वर्षं गाडी चालवतोय पण त्या पोराने ज्या शांतपणे ती गाडी नेली ना, मला खरंच कौतुक वाटलं.

ठरलेल्या जागी पोचलं की हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, चाकांना पुढून मागून लाकडी गुटके, आणि बांधून घ्यायचं. रेल्वेची माणसं प्रत्येक ट्रक फिरून बघतात. मग गार्ड येतो, आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून नाव बदललं. ब्रेकचं प्रेशर शेवटच्या वॅगनपर्यंत नीट येतंय का ते बघतात, कागदावर सह्या होतात, आणि मग सिग्नलची वाट.

ट्रकबरोबर ड्रायव्हर आणि एक क्लिनर जाऊ शकतो, आपल्याच केबिनमध्ये बसून. पहिल्यांदा जाणाऱ्याने जेवण आणि पाणी आधीच भरून घ्यावं. वॅगनवर संडास नसतो, स्टेशनात गाडी थांबेल तेव्हाच उतरायचं आणि ती किती वेळ थांबेल हे विचारल्याशिवाय लांब जायचं नाही. केबिनमध्ये स्टो पेटवायचा नाही. हे ऐकायला छोटं वाटतं, पण वर्षानुवर्षं रस्त्याकडेला गाडी लावून भात शिजवायची सवय असलेल्या ड्रायव्हरला ते दहा वेळा सांगावं लागतं.

आणि मग प्रवास. खरं सांगतो, पॅसेंजर गाडीच्या खिडकीतून जे दिसतं त्याच्या कितीतरी पट ट्रकच्या केबिनमधून दिसतं, कारण तुम्ही उंचावर बसलेले, समोर मोठी काच आणि आजूबाजूला काहीच नाही. वीरपर्यंत डबल लाईन आहे, तिथपर्यंत गाडी बऱ्यापैकी पळते. पुढे सिंगल लाईन, म्हणजे समोरून एक्सप्रेस आली की आम्ही बाजूला. मालगाडीचा नंबर शेवटी. खेडला थांब, सावर्ड्याला थांब, कधी आरवलीला तासभर. आधी चिडचिड व्हायची, आता मी तेवढ्यात झोप काढतो. बोगदे एकूण नव्वदच्या वर आहेत, उक्शी सोडलं की करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा येतो, काचा लावून बसायचं, आत अंधार आणि चाकांचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. पूर्वी डिझेल इंजिन असताना धूर एवढा साचायचा की जुने ड्रायव्हर ओला रुमाल नाकाला लावायचे, विजेच्या इंजिनाने तो त्रास गेला. रत्नागिरीला इंजिनातले लोको पायलट बदलतात. त्यानंतर निवसरच्या आधी पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच. कठडा नसलेल्या वॅगनवर, ट्रकच्या सीटवर बसून तो पूल ओलांडताना खाली बघितलं तर पोटात खड्डाच पडतो. माझा क्लिनर डोळे मिटून बसतो. मी मात्र दरवेळी बघतो.

सकाळी मांडवी आणि झुवारी ओलांडली की वेर्णा. साधारण बारा तास धरायचे, कधी कमी कधी जास्त. सुरतकलवाल्यांचा जवळजवळ पूर्ण दिवस जातो, कारवार, होन्नावरची शरावती, उडुपी करत. पोचल्यावर उतरवणं लवकर होतं, कारण आता सगळ्या ट्रकांचं तोंड रॅम्पकडे असतं, सरळ चालवत बाहेर.

परवडतं का? हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. नुसतं डिझेल आणि टोल एका बाजूला, रेल्वेचं भाडं दुसऱ्या बाजूला असा हिशोब केलात तर फरक फार मोठा दिसत नाही, कधी बरोबरीतच येतं. पण मी वर्षाचा हिशोब करतो. टायर किती टिकले, लायनर किती बदलले, पाट्यांचं काम किती निघालं, आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर झोपून ताजातवाना उतरला आणि लगेच पुढे निघाला. माझा ड्रायव्हर रोडला कंटाळून, मला सोडून दुसरीकडे जायच्या बेतात होता तो रोरोमुळे टिकला. ज्याचा माल नाशवंत आहे किंवा ज्याला मधेच कुडाळला, कणकवलीला खाली करायचंय त्याला आज तरी हे उपयोगाचं नाही.

अशीच सोय २०२० मध्ये सोलापूरजवळच्या बाळे स्टेशनातून बंगळुरूजवळच्या नेलमंगलापर्यंत सुरू केली होती, आणि २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने लोकांच्या कारसाठी पण कोलाड ते वेर्णा गाडी काढली, एका कारला ७,८७५ रुपये. प्रतिसाद कमी आला म्हणून लोक हसले, मला मात्र वाईट वाटलं. नवीन गोष्टीला दोन-तीन सिझन द्यायला हवेत, ट्रकचं रोरो पण पहिल्या दिवसापासून भरून जात नव्हतं.

आता नोकरीचं.

कोलाडला थांबायला लागतं ना, तेव्हा तिथल्या माणसांशी ओळखी होतात. खूण करून ट्रक चढवणारे, शंटिंगच्या वेळी दोन वॅगनमधलं कपलिंग जोडणारे, झेंडी दाखवणारे पॉइंट्समन. त्यातला एकजण आपल्याच भागातला निघाला, त्याने सांगितलं की मी प्रकल्पग्रस्त कोट्यातून लागलो, आमची जमीन लाईनला गेली होती. मी म्हटलं, अरे, आमची पण गेलीय. १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि त्याच सुमाराला आमच्या वडिलांच्या नावावरची भाताची जमीन संपादनात गेली. तेव्हा मोबदला मिळाला, घर दुरुस्त केलं, विषय संपला, असंच आम्ही धरून चाललो होतो. नोकरीत आपल्याला प्राधान्य आहे हे घरात कोणी कधी बोललंच नाही. तो म्हणाला, दादा नातवंडांना पण चालतं, कागद शोधा.

माझी पुतणी बारावी होऊन आयटीआयला जायचं का काय करायचं अशा विचारात होती. २०२४ च्या सप्टेंबरात जाहिरात आली, १९० जागा. त्यात ६० पॉइंट्समन, ३५ ट्रॅक मेंटेनर (रूळ सांभाळणारे), १५ असिस्टंट लोको पायलट, १० स्टेशन मास्तर, ५ मालगाडीचे ट्रेन मॅनेजर, बाकी टेक्निशियन, सिग्नलवाले, सेक्शन इंजिनिअर. पॉइंट्समन आणि ट्रॅक मेंटेनरला दहावी पास पुरतं, लेव्हल १ म्हणजे पगाराची पहिली पायरी, मूळ पगार १८,००० आणि वर महागाई भत्ता वगैरे. स्टेशन मास्तर आणि ट्रेन मॅनेजरला पदवी लागते, त्यांचा मूळ पगार ३५,४०० आणि २९,२००. जमीन गेलेल्यांना पहिलं प्राधान्य, मग लाईन ज्या जिल्ह्यांतून जाते तिथल्या रहिवाशांना, मग महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकातल्या बाकीच्यांना.

कागद जमवताना दमछाक झाली. भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत, जुना सातबारा, फेरफार, वडिलांचं आणि पुतणीचं नातं दाखवणारा दाखला, डोमिसाईल, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची नोंदणी. निवाड्याची प्रत घरात नव्हती. एका सरकारी ऑफिसात आज या उद्या या चाललं होतं, शेवटी एका वयस्कर क्लार्कने स्वतः रेकॉर्ड रूममध्ये जाऊन लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला आणि गट नंबरवरून आमचं पान शोधून दिलं. कागद पिवळा पडलेला, कडा तुटलेल्या, पण वडिलांचं नाव आणि क्षेत्र स्वच्छ दिसत होतं. वहिनीने तो झेरॉक्सवाल्याच्या हातात सुद्धा दिला नाही, स्वतः मशीनवर ठेवला. म्हणून माझं सांगणं, भरती निघायची वाट बघू नका, ज्यांची जमीन गेलीय त्यांनी हे कागद आजच काढून ठेवा, फॉर्मची मुदत थोडी असते आणि ऑफिसं आपल्या घाईने चालत नाहीत.

मधे एकजण घरी येऊन गेला, माझी वर ओळख आहे, अमुक लाख द्या, सेटिंग लावतो. माझा दादा, म्हणजे पुतणीचा बाप, जरा डळमळला होता, म्हणे गाय विकू, कर्ज काढू. मी सरळ नाही म्हटलं. परीक्षा कॉम्प्युटरवर, मेरिट लिस्ट वेबसाईटवर, त्यात हा कोण काय करणार. अशा माणसांना पैसे दिलेली घरं मी बघितलीत, पैसे पण गेले आणि पोराचं वर्ष पण.

परीक्षा सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य विज्ञान, सामान्य ज्ञान. पोरीने क्लास लावला नाही, रेल्वेच्या ग्रुप डीचे जुने पेपर सोडवले, गणितासाठी माणगावच्या एका मास्तरांकडे जायची. ते पास झाल्यावर शारीरिक चाचणी. रेल्वेत लेव्हल १ च्या कामाला मुलींना २० किलो वजन घेऊन १०० मीटर दोन मिनिटांत जायचं असतं, मधे खाली ठेवायचं नाही, आणि १००० मीटर ५ मिनिटं ४० सेकंदांत पळायचं, एकाच प्रयत्नात. मुलांना वजन ३५ किलो आणि पळायला ४ मिनिटं १५ सेकंद. आम्ही तांदळाच्या गोणीत वाळू भरून काट्यावर बरोबर २० किलो केली आणि पोरगी रोज पहाटे शाळेच्या मैदानात ती खांद्यावर घेऊन चालायची. सुरुवातीला गोणी घसरायची. मग माझ्या ड्रायव्हरनेच तिला दाखवलं, हमाल लोक गोणी कशी घेतात, मानेवर न घेता खांदा आणि पाठ यांच्या मधे टेकवून, पाऊल छोटं टाकायचं. त्या दिवसापासून जमलं. गावातले लोक बघायचे, काहीजण म्हणायचे पोरीच्या जातीला हे काय काम, वहिनी त्यांना उत्तरच द्यायची नाही, घड्याळ घेऊन उभी राहायची.

त्यानंतर कागदपत्र तपासणी आणि मेडिकल. मेडिकलमध्ये खूप पोरं अडकतात हे आधीच माहीत असावं. पॉइंट्समनला मेडिकलचा ए-टू वर्ग लागतो, म्हणजे चष्म्याशिवाय नजर चांगली पाहिजे आणि रंग ओळखता आले पाहिजेत, ठिपक्यांतले आकडे वाचायला लावतात. लोको पायलटला तर ए-वन, सगळ्यात कडक. ट्रॅक मेंटेनरला बी-वन, तिथे चष्मा चालतो. लाल-हिरव्याचा फरक न कळणाऱ्या एका हुशार पोराला तिथून परत जावं लागलं, बिचाऱ्याला तोपर्यंत स्वतःला पण माहीत नव्हतं. फॉर्म भरायच्या आधी साध्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन हे तपासून घेता येतं, आणि मग त्याप्रमाणे पद निवडता येतं. पुतणीचं आम्ही आधीच तपासलं होतं म्हणून ती निर्धास्त होती.

तिचं नाव यादीत आलं तेव्हा मी वेर्ण्याला होतो. दादाने फोन केला, बोलता येईना त्याला. आता ती ट्रेनिंग करून पॉइंट्समन म्हणून लागलीय. काम सोपं नाही. कपलिंग उचलणं, उभ्या वॅगनना साखळी आणि चाकाखाली स्किड (अडसर) लावणं, पॉइंट, म्हणजे गाडी एका लाईनवरून दुसरीवर वळवणारा सांधा, बिघडला तर हँडल घेऊन जाऊन तो हाताने फिरवणं, पावसात, रात्री. पावसाळ्यात या लाईनवर काम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, २००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीजवळ जे अपघात झाले त्यानंतर पावसाळी वेळापत्रक, कमी स्पीड आणि रात्रंदिवस गस्त हे सगळं इथे फार गांभीर्याने घेतात. ट्रॅक मेंटेनर लोक डोंगराच्या कटिंगखाली कंदील-टॉर्च घेऊन चालतात म्हणून आपण गाडीत झोपतो. ज्यांना वाटतं सरकारी नोकरी म्हणजे खुर्ची, त्यांनी या पदांना फॉर्म भरू नये. ज्यांना अंगमेहनतीचं काही वाटत नाही त्यांनी जरूर भरावा.

कायम नोकरीशिवाय पण वाटा आहेत. डिप्लोमा आणि डिग्री झालेल्यांना एक वर्षाची ॲप्रेंटिसशिप निघते. सिव्हिलवाल्यांना कॉन्ट्रॅक्टवरच्या जागा थेट मुलाखतीने निघतात, काश्मीरच्या लाईनचं मोठं काम, चिनाबचा पूल धरून, कोकण रेल्वेकडेच होतं आणि आपल्याकडची पोरं तिथे जाऊन काम करून आलीत. मालवाहतूक वाढली तर खाजगीत पण कामं निघतात. गोव्यात बाळ्ळीला कंटेनरचा डेपो आहे, तिथे क्रेनवाले, सुपरवायझर, कस्टमचं कागदकाम करणारे लागतात. हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही, ती थेट मुंबईला जातात आणि चाळीत चौघांत खोली घेऊन राहतात.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिलीय. पैसा येईल, डबल लाईन पुढे सरकेल, हे सगळं हवंच आहे. डबल लाईन झाली तर माझं आरवलीचं तासभर थांबणं संपेल. पण प्रकल्पग्रस्तांचं प्राधान्य त्या कागदांत कुठे हरवता कामा नये, यावर आपल्या लोकप्रतिनिधींनी आत्ताच बोलायला हवं, नंतर बोलून उपयोग नाही. आणि रोरोचं म्हणाल तर माझी एकच मागणी आहे, २०२५ ला कारवाल्या गाडीसाठी सिंधुदुर्गातल्या नांदगावला उतरायची सोय करून दिली तशी ट्रकसाठी पण करा. सिंधुदुर्गात सिमेंट, लोखंड, खत घेऊन जाणाऱ्या गाड्या आज कशेडीपासून सगळा रस्ता तुडवत जातात, त्यांना नांदगावला रॅम्प मिळाला तर त्या उद्यापासून कोलाडला रांगेत उभ्या राहतील. मी तसा अर्ज लिहिलाय, आमच्या भागातल्या ट्रकवाल्यांच्या सह्या घेतोय, आणि पुढच्या फेरीला कोलाडच्या ऑफिसात देऊन पोच घेणार आहे.